जुनी पट्टी काढताना

१

ही गोष्ट पहिल्या शब्दापासून शेवटच्या शब्दापर्यंत खरी आहे. माझ्या डोळ्यांदेखत घडली. म्हणजे अगदी डोळ्यांदेखत नाही. त्या दिवशी मी त्या घरात नव्हतो, त्या गल्लीतही नव्हतो, दाढ काढून घ्यायला गेलो होतो. पण ज्याच्यावर ती बेतली त्याने मला ती तीनदा सांगितली, आणि तिन्ही वेळा अक्षरशः सारखी सांगितली. दुसऱ्यांदा जराशी वेगळी होती. ते सोडा.

गोष्टीतला माणूस लिफ्टचा मेकॅनिक. तीस वर्षं त्याने लोकांना वरखाली करायची सोय करून दिली आणि स्वतः राहायला घर घेतलं ते बिनलिफ्टच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर. वर फक्त गच्ची. "रोज जिने चढले की आपण काय दुरुस्त करतो त्याची किंमत कळते," असं तो म्हणायचा. त्याची बायको म्हणायची, "किंमत माझ्या गुडघ्यांना कळते."

बायको शिंप्यांसाठी कपड्यांचे कागदी नमुने तयार करायची. फ्रॉक, झबली, शाळेचे गणवेश, सगळं कॉम्प्युटरवर आखायचं आणि पाठवून द्यायचं. कॉम्प्युटर तिच्या लग्नात आला नव्हता एवढंच. बाकी वय तसंच. फाइल उघडली की आधी फ्रॉकचा गळा दिसे. मग ती उठून कपडे वाळत घालून येई, तोवर कॉलर आलेली असे. बाह्यांसाठी मात्र श्रद्धा लागायची.

घरात तिसरे होते तिचे वडील. पाच वर्षांपूर्वी एका पिशवीत कपडे आणि एका पेटीत बुद्धिबळाचा पट घेऊन आले ते राहिलेच. दूर राहणाऱ्या एका जुन्या मित्राशी ते त्याच कॉम्प्युटरवर बुद्धिबळ खेळायचे. एका चालीला त्यांना एक अख्खा कप चहा लागे, आणि चाल अवघड असेल तर दुसरा. जेवायला बोलावलं की "आलो" म्हणायचे आणि खरोखर यायचे, पण तोवर बाकीच्यांची ताटं घासून झालेली असत. पहिल्या वर्षी मेकॅनिक याच्यावर वैतागला. दुसऱ्या वर्षी तो त्यांच्यासाठी जेवायचा थांबायला लागला. तिसऱ्या वर्षापासून संध्याकाळी कामावरून आल्यावर तो आधी त्यांच्या खोलीत डोकवायचा, मग चपला काढायचा. त्याचे स्वतःचे वडील तो पाळण्यात असतानाच गेले होते. 'अहो जावईबापू, आलात का' ही हाक ऐकल्याशिवाय त्याला घरी आल्यासारखं वाटत नसे. हे त्याने कुणाला सांगितलं नव्हतं. मला सांगितलं, तेही तिसऱ्यांदा गोष्ट सांगताना.

तर एका सुट्टीच्या सकाळी बायकोने माऊस टेबलावर आपटला.

"अहो, या घरात आता दोन म्हातारे झालेत. एक हा, आणि एक..." तिने बोळाच्या टोकाच्या खोलीकडे मान वळवली.

"दोघांनाही बदलून टाकू," मेकॅनिक म्हणाला.

बोळाच्या टोकाकडून आवाज आला, "आधी त्याला बदला, जावईबापू. जमलं तर माझं बघू!"

"बघा," बायको म्हणाली. "जेवायला हाक मारली की कानातलं यंत्र बंद असतं. हे बरोबर ऐकू आलं."

तिघंही हसले. हे मी मुद्दाम सांगतोय. तिघंही हसले.

२

सुट्या भागांच्या दुकानात मेकॅनिकने कॉम्प्युटरचं वय सांगितलं, तसा दुकानदाराने चष्मा वर केला. "चालतोय अजून?"

"चालतो कुठे? बसतो."

"मग रॅमच्या पट्ट्या वाढवा. दोन खाचा असतील, एकीत जुनी पट्टी असेल आणि दुसरी रिकामी. या दोन नव्या घाला. जुनी काढून टाका."

"काढायची कशाला? राहू दे की एका खाचेत."

"राहू द्या, काही बिघडत नाही," दुकानदार म्हणाला. "पण मग नवीसुद्धा जुनीच्याच चालीने चालणार. एका घरात राहायचं म्हणजे वाट बघावीच लागते." आणि मग बजावलं, "हातात घ्यायच्या आधी उघड्या लोखंडाला हात लावा. अंगातली वीज उतरते. नाहीतर पट्टी जळते आणि तुम्हाला पत्ताही लागत नाही."

मेकॅनिकला हे आवडलं. ज्या कामाला नियम असतो ते काम त्याला आपलं वाटायचं.

आता त्याच्या धंद्याचा नियम सांगायला हवा, कारण सगळं त्याच्यावर अडलंय. लिफ्टच्या कामाला माणसं दोन. एक वर, यंत्राजवळ. एक खाली, खड्ड्यात. एकमेकांना दिसत नाहीत. म्हणून वरचा प्रत्येक गोष्ट करण्याआधी ओरडून सांगतो: "ब्रेक सोडतोय!" खालच्याने ऐकलं, आपले हातपाय आपल्यापाशी आहेत हे पाहिलं, की तोच शब्द तो परत वर टाकतो: "सोड!" उत्तर आल्याशिवाय वरच्याने बोट लावायचं नाही. आणि "थांब!" कुणीही म्हणू शकतो, केव्हाही. एकदा "थांब" झालं की सगळं जिथल्या तिथे, आणि पुढे काय करायचं ते ज्याने "थांब" म्हटलं त्यानेच सांगायचं.

तीस वर्षं हे केलं की ते डोक्यात राहत नाही, जिभेत जातं. घरात दिवा बदलतानासुद्धा तो स्टुलावरून ओरडायचा, "काढतोय!" आणि बायकोला गॅसपाशी उभं राहून "काढ!" म्हणावं लागायचं, नाही म्हटलं तर माणूस अंधारात स्टुलावर तसाच उभा. उलटंही व्हायचं. समोरच्या बिऱ्हाडातले काका बाहेर पडताना त्यांच्या दारातून काकूंना सांगत, "अगं, मी निघतोय गं!" आणि आपल्या बंद दाराआडून हा ओरडे, "निघा!" काकांना पहिली दोन वर्षं तो अपमान वाटला होता.

३

दुपारी जेवणं झाल्यावर त्याने मधल्या खोलीत जुनी चादर अंथरली. तिच्यावर कॉम्प्युटरचं कॅबिनेट आडवं घातलं. शेजारी स्क्रू ड्रायव्हर, रंगाचा जुना ब्रश, स्क्रू ठेवायला बशी. नव्या पट्ट्या पाकिटातच. बोळाच्या टोकाच्या खोलीत बाबा पटावर सोंगट्या मांडून बसले होते. कॉम्प्युटर बंद, तेव्हा मित्राची चाल त्यांनी आधीच कागदावर उतरवून घेतली होती.

"प्लग काढतोय!"

"काढा," बायको म्हणाली. ती जांभई देत होती.

त्याने प्लग काढला. डोक्यावरचा पंखा फिरत फिरत मंद झाला आणि थांबला.

"लाइट गेली वाटतं," बायको म्हणाली.

समोरच्या काकांकडे रेडिओ चालू होता. फक्त यांच्याकडची गेली होती. "फ्यूज असेल. हे झालं की बघतो," मेकॅनिक म्हणाला. नियमाप्रमाणे पुढची पायरी म्हणजे उरलीसुरली वीज काढून टाकणं: प्लग काढलेला असतानाच चालू करायचं बटण दाबून धरायचं.

"बटण दाबतोय!"

"दाबा एकदाचं."

त्याने बटण दाबलं. पंख्याचं पातं पाव फेरा फिरलं आणि पुन्हा थांबलं.

दोघांनी वर पाहिलं.

"वारा," तो म्हणाला.

"हो, वारा," ती म्हणाली, कारण लग्नाला इतकी वर्षं झाली की काही गोष्टींवर एकमत व्हायला वेळ लागत नाही. "तुमचं चालू द्या. मी खाली जाऊन दोरे घेऊन येते. गणवेशाचा निळा संपलाय. बाबांचा चहा चारला, विसरू नका."

"जातेय म्हण!"

"जातेय!" ती दारातून ओरडली.

"जा!"

दार बंद झालं. तिच्या चपला तीन मजले खाली उतरत गेल्या. मेकॅनिक मांडी घालून बसला, दोन्ही हात गुडघ्यांवर पुसले, आणि अंगातली वीज उतरवायला कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला एक बोट लावलं.

बाहेर बाल्कनीचा कठडा वाजला. टण्ण.

एकदाच. कुणीतरी बोट लावावं तसा. फक्त ते बोट भलं थोरलं असावं, कारण कठडा वाजून झाल्यावर बराच वेळ गुणगुणत राहिला.

४

एखादा शहाणा माणूस इथे उठला असता. मेकॅनिक शहाणाच होता, म्हणून बसून राहिला. त्याने हिशेब मांडला: लोखंड उन्हाने तापतं, फुगतं, वाजतं. लिफ्टच्या खांबांना दुपारी असे आवाज त्याने हजारदा ऐकले होते. खात्रीसाठी त्याने पुन्हा कॅबिनेटला बोट लावलं. टण्ण. बरोबर आहे, तो मनात म्हणाला, ऊन दोनदाही तापतं.

त्याने दोन स्क्रू काढून बशीत ठेवले. कॅबिनेटच्या बाजूच्या झाकणावर तळवे टेकवले, आणि घरात कुणी नाही हे विसरून ओरडला:

"झाकण काढतोय!"

"काढ."

त्याने झाकण काढलंसुद्धा. उत्तर आलं की काम करायचं. मग हातात झाकण धरून तो विचार करायला लागला.

बाबा, दुसरं कोण? म्हाताऱ्याने ऐकलं आणि गंमत केली. तो उठून बोळातून गेला. बाबा पटाकडे बघत होते. घोडा बोटाखाली धरलेला, उचललेला नाही. कानातलं यंत्र नेहमीप्रमाणे टेबलावर, चष्म्याच्या डबीत. विचार करताना बाबा ते काढून ठेवत.

"बाबा, तुम्ही काही बोललात?"

बाबांनी वर पाहिलं. त्यांना ओठ हललेले दिसले. "चार वाजले का?" ते मोठ्याने म्हणाले.

मेकॅनिकने बोटांनी दाखवलं, अजून तासभर.

"मग घाई काय आहे?" म्हणून ते पुन्हा पटात शिरले.

तो परत आला. मधल्या खोलीत उजेड वाढला होता. खिडकी तीच, पडदे तेच, पण उजेड कुठल्या एका बाजूने येत नव्हता. सगळीकडून सारखा येत होता. झाकण काढल्यावर डब्याच्या आत पडतो, तसा. आणि वारा होता. बंद खोलीतला नव्हे, उघड्यावरचा. भिंतीवरचं कॅलेंडर हळूहळू वर उचललं जात होतं.

"तो आवाज माझाच," मेकॅनिक स्वतःला म्हणाला. "बोळात घुमला." घुमलेला आवाज 'काढतोय'चं 'काढ' करत नाही, हे तीस वर्षं खड्ड्यात काढलेल्या माणसाला सांगायला लागत नाही. पण स्वतःशी वाद घालायला तो खाली बसला तेव्हा हातात ब्रश होता, आणि हाताला काम असलं की डोकं गप्प बसतं.

५

आत इतकी धूळ होती की तिच्यात काहीतरी पेरता आलं असतं. त्याने ब्रशने एका टोकापासून दुसऱ्या टोकापर्यंत झाडलं.

छतावरून आवाज गेला. सर्रर्र... या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत.

त्याने थांबून ऐकलं. काही नाही. पुन्हा ब्रश फिरवला. सर्रर्र. वर कुणीतरी गच्ची झाडतंय, त्याला वाटलं, आणि बरं वाटलं. मग दारामागच्या खिळ्याकडे लक्ष गेलं. गच्चीची एकुलती एक किल्ली खिळ्यालाच होती. पाण्याच्या टाकीची देखभाल त्याच्याकडे होती.

तेव्हा त्याने ब्रशने एक छोटंसं वर्तुळ काढलं. अगदी बशीएवढं.

छतावर वर्तुळ फिरलं. ते बशीएवढं नव्हतं. स्वयंपाकघरावरून सुरू झालं, बाल्कनीवरून गेलं, बोळावरून वळून परत आलं. वरून चुन्याची बारीक पूड त्याच्या केसांत पडली.

आणि तो हसला. त्याने मला शपथेवर सांगितलं की त्याला हसू आलं. लहानपणी आरशासमोर तोंड वेडावून बघतो आणि आरसाही वेडावतो, तसं. त्याने ब्रशने नागमोडी काढली. वर नागमोडी गेली. दोनदा टकटक केलं. वर दोनदा टकटक. भीती नव्हती असं नाही. पण इतकी वर्षं खड्ड्यात एकट्याने काम केलेल्या माणसाला, कुणीतरी आपल्यासारखंच नीट, पायरीपायरीने काम करतंय हे कळल्यावर थोडी सोबतही वाटली. ब्रश फिरवतोय तोपर्यंत बिघडतंय काय? घर स्वच्छ होतंय!

या आनंदात त्याने ब्रश खाली ठेवला आणि दोन्ही अंगठे जुन्या पट्टीच्या दोन टोकांच्या खिट्ट्यांवर ठेवले. पट्टी दोन खिट्ट्यांनी धरलेली असते. त्या बाहेर दाबल्या की ती आपोआप वर उचलली जाते, मग हलकेच ओढून घ्यायची.

तिथे त्याचा हात थांबला. कारण एक साधा विचार त्याला तेव्हा सुचला, जो तुम्हाला केव्हाच सुचला असेल. इथे पट्टी निघणार. वर काय निघणार?

त्याने अंगठे उचलायला घेतले. ओरडायला तोंडही उघडलं नव्हतं. आणि या वेळी हाक आधी वरून आली. आवाज मोठा नव्हता. उलट जपून बोलल्यासारखा. हातात काचेचं सामान असताना माणूस बोलतो तसा.

"जुनं काढतोय."

आणि मेकॅनिकच्या जिभेने, डोक्याला न विचारता, तीस वर्षं दिलं तेच उत्तर दिलं:

"काढ!"

दचकून त्याचे अंगठे खाली गेले. टक्. टक्. पट्टी खाचेतून वर आली.

बोळाच्या टोकाला, बाबांच्या खोलीत, एक टक् दारापाशी झालं आणि एक खिडकीपाशी.

६

बोळ सात पावलांचा होता. तो कसा ओलांडला हे त्याला आठवत नाही. आठवतं ते एवढंच, की धावताना त्याला आपलेच सकाळचे शब्द ऐकू येत होते, आणि त्यावर तिघं हसले होते तेही.

बाबा खुर्चीत होते. म्हणजे खुर्चीच्या वर होते. गादी आणि बाबा यांच्यामध्ये चार बोटांचं अंतर होतं. पाय जमिनीपासून तेवढेच वर, स्लिपर जमिनीवर तशाच. बसण्याची ढब मात्र बिघडली नव्हती: एक कोपर हवेत टेकलेलं, घोडा बोटात.

"जावईबापू," ते पटावरची नजर न काढता म्हणाले, "आज खुर्ची उंच केलीत का हो? पट लांब गेल्यासारखा वाटतोय."

"थांब!"

हे त्याने बाबांना म्हटलं नव्हतं. अशा आवाजात "थांब" त्याने उभ्या आयुष्यात दोनदा म्हटलं होतं, आणि दोन्ही वेळा लिफ्टखाली माणूस होता.

सगळं थांबलं. वाऱ्याने फुगलेला पडदा फुगलेलाच राहिला. समोरच्या काकांच्या रेडिओवर एक बाई गात होत्या, त्यांचा एकच सूर लांबत राहिला.

"थांबलो," वरून आवाज आला.

मेकॅनिकने वर पाहिलं. खिडकीवरच्या कोपऱ्यात, जिथे भिंत आणि छत मिळतात, तिथे ती मिळत नव्हती. दोन बोटांची फट होती. फटीतून आभाळ दिसायला हवं होतं. दिसत होता तो पिवळसर, जवळचा उजेड, टेबलावरच्या दिव्याचा असतो तसा. मग त्या उजेडापुढून काहीतरी सरकलं. त्याला आधी गुंडाळलेली चटई वाटली. मऊ, फिकट, आणि तिच्यावर रेषा होत्या. एकीशेजारी एक, सगळ्या एकाच वळणाने वळत गेलेल्या. एकेक रेष त्याच्या मनगटाएवढी होती.

त्याने मान खाली घातली. पुढचं त्याने पाहिलं नाही, आणि म्हणून मीही सांगू शकत नाही.

नियम त्याला माहीत होता. ज्याने "थांब" म्हटलं त्यानेच पुढचं सांगायचं. वर कुणीतरी ताटकळलं होतं, चिडून नव्हे. चांगला कामगार थांबतो तसं.

"परत बसव," तो म्हणाला.



"जुनंच?" आवाजात नुसतं नवल होतं. "नवं आणलंय."

मेकॅनिक मला म्हणाला, की त्या एका क्षणात त्याला दुकानदार आठवला, फ्रॉकच्या बाह्या आठवल्या, थंड झालेली जेवणं आठवली. नवं म्हणजे कसं असेल, हेसुद्धा डोळ्यांसमोर आलं: हाक मारताच जेवायला येणारं, चाल झटकन खेळणारं, चहा न लागणारं, त्याच खुर्चीत बसलेलं काहीतरी. घरी आल्यावर ते काय म्हणेल? बरोबर तेच म्हणेल. "अहो जावईबापू, आलात का." एका दमात.

"नको!" तो ओरडला. "जुनंच. जुनंच बसव!"

"बसवतोय."

वर काही हललं नाही. मग त्याच्या लक्षात आलं, की वरचा हात त्याच्या हाताची वाट बघतोय. तो उलटा धावला. मधल्या खोलीत पट्टी खाचेत तिरकी उभी होती. घाईत दाबताना ती दोनदा अंगठ्यांखालून घसरली. अंगातली वीज उतरवायचंही तो विसरला; मग आठवलं, थांबला, कॅबिनेटला बोट लावलं, बाहेर कठडा वाजला. चूक नको. कुठलीच चूक नको.

"बसव!" असं म्हणून त्याने पट्टी दाबली.

टक्. टक्.

बोळाच्या टोकाला गादी धप्पकन वाजली. रेडिओवरच्या बाई पुढच्या सुरावर गेल्या. त्याने झाकण घातलं, दोन्ही स्क्रू पिळले, प्लग लावला; पंखा फिरू लागला.

आणि बाबा खोकले. लांबलचक, निवांत, ज्याला कसलीही घाई नाही अशा माणसाचा खोकला. मग हाक आली, "चार वाजले का हो?"

वाजले नव्हते. तरी त्याने चहा टाकला.

७

बायको निळे दोरे घेऊन आली तेव्हा जावई आणि सासरे एकाच खोलीत बसून चहा पीत होते. जावयाच्या केसांत चुना होता. सासऱ्यांनी घोडा अजून हलवला नव्हता.

"झालं का काम?"

"साफ केला आतून."

"आणि रॅम?"

"जुळली नाही."

तिने कॉम्प्युटर लावला. फ्रॉकचा गळा आला. तिने दोऱ्यांची रिळं डब्यात लावली, मग कॉलर आली. "दीड तास लावून नुसती धूळ काढलीत?" ती म्हणाली. "मला वाटलं होतं आज बाह्या बघायला मिळतील."

"उद्या पट्ट्या परत करतो. तुझ्यासाठी वेगळा कॉम्प्युटर बघू, नवा. हा राहू दे बाबांना."

"बाबांना कशाला?"

"जमतं त्यांचं."

ती त्याच्याकडे बघत राहिली. असा खर्च हा माणूस आपणहून सुचवेल हे तिला पंखा फिरण्यापेक्षा चमत्कारिक वाटलं असावं. मग ती छताच्या कोपऱ्याकडे बघून म्हणाली, "इथे भेग पडलीय का हो?"

"बुजवतो," तो म्हणाला.

नवा कॉम्प्युटर आला. बायको खूश आहे, बाह्या आता गळ्याबरोबरच येतात. जुना बाबांच्या खोलीत गेला, आणि त्याच्या कॅबिनेटच्या दोन्ही स्क्रूंवर मेकॅनिकने इतका जाड डिंक ओतलाय की ते पुन्हा निघणार नाहीत. मेकॅनिकमध्येही एक बदल झालाय. समोरचे काका हल्ली दारातून "मी निघतोय गं!" म्हणतात, मग थोडं थांबतात, कान देतात, आणि आतून काही येत नाही म्हणून जरा हिरमुसून जिना उतरतात. कामावर त्याने वरची जागा मागून घेतलीय; खाली उभं राहून उत्तर द्यायचं काम तो आता करत नाही.

बाबांना त्या दुपारचं काही विचारलं तर ते म्हणतात, बाकी माहीत नाही, पण ती चाल मात्र फार सुंदर सुचली होती, आणि मध्येच कुठेतरी हरवली.

आता, सगळं खरं असं मी म्हटलं होतं, तर एक कबूल करून टाकतो. मेकॅनिकची बायको माझ्या गोष्टी अर्ध्यावर सोडते, तेव्हा ती इथवर येणार नाही. पंखा खरा, कठडा खरा, ब्रश खरा, ती फट आणि ते "नवं आणलंय" अगदी त्याने सांगितलं तसं. बनवलेलं एकच. गादीवरचं ते चार बोटांचं अंतर माझं. आणि खुर्ची उंच केलीत का, हे बोलणंही माझंच. मजेशीर वाटलं म्हणून घातलं, आणि घातल्याशिवाय मला पुढे सांगवेना.

तो खोलीत पोचला तेव्हा स्लिपर जमिनीवर होत्या, चष्म्याची डबी टेबलावर होती, घोडा पटावर आडवा पडून अजून गडगडत होता. खुर्चीत कुणी नव्हतं. गादीला मधोमध बसल्याचा खड्डा होता, आणि तो हळूहळू वर येत होता.